गेम सोडून दिला, पण सांगितलं कुणी नाही: स्ट्रॅटेजी गेमचे खेळाडू इतके का चिडतात?

२७ मे २०२१ रोजी क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश स्टुडिओनं एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. विषय होता 'टोटल वॉर: थ्री किंग्डम्स' या त्यांच्या गेमचं भविष्य. मार्चमध्येच गेमची नवी डीएलसी, म्हणजे मूळ गेम घेतल्यावर वेगळे पैसे मोजून घ्यायची भर, आली होती. त्यामुळे चाहते पुढच्या भागाची घोषणा ऐकायच्या तयारीनं बसले होते. ऐकायला मिळालं ते वेगळंच. या गेमवरचं काम संपलं, नवीन काही येणार नाही, १.७.१ हा शेवटचा पॅच (दुरुस्त्या आणि बदल आणणारं अपडेट), आणि टीम आता याच कथेवर दुसरा, स्वतंत्र गेम बनवायला घेणार आहे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या त्या गेमच्या पानावर लगेच नकारात्मक अभिप्रायांची रीघ लागली. त्यात चिनी खेळाडू मोठ्या संख्येनं होते आणि शेकडो तास खेळलेले लोकही होते.

गेम न खेळणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटतं. पैसे दिले, गेम मिळाला, शेकडो तास खेळून झाला, आजही तो चालतो. मग तक्रार कसली? घरात कुणी खेळणारं असेल तर हा प्रश्न तुम्हीही विचारला असेल. त्याचं उत्तर या गेमच्या अर्थकारणात आहे आणि स्ट्रॅटेजी हा खेळाचा प्रकारच ज्या पद्धतीनं घडतो त्यात आहे.

थ्री किंग्डम्समध्ये काय राहून गेलं

'थ्री किंग्डम्स' २३ मे २०१९ ला आला. चीनमध्ये हान साम्राज्य कोसळत होतं, त्या काळावरचा हा खेळ. लुओ ग्वानजोंग यांच्या नावावर असलेली 'तीन राज्यांची कथा' ही अभिजात कादंबरी त्याला आधाराला होती. नकाशावर पाळीपाळीनं राज्य चालवायचं, कर, धान्य, लग्नं, तह, फितुरी सांभाळायची आणि लढाई लागली की मैदानात उतरून सैन्य हलवायचं. सरदारांची एकमेकांशी मैत्री जमते, वैर धरलं जातं, नाराज सरदार सोडून जातो. वाटाघाटींच्या बाबतीत या मालिकेतला इतका चांगला गेम आधी झाला नव्हता, असं माझं मत आहे आणि ते बऱ्याच जुन्या खेळाडूंचंही आहे. पहिल्याच आठवड्यात १० लाख प्रती विकल्या गेल्या. टोटल वॉर मालिकेत इतक्या वेगानं दुसरा कुठलाच गेम विकला गेला नव्हता.

मूळ गेम इसवी सन १९० मध्ये सुरू होतो. त्यानंतर डीएलसी येत गेल्या. पहिली मोठी डीएलसी 'एट प्रिन्सेस' ऑगस्ट २०१९ मध्ये आली आणि ती थेट २९१ सालात जाऊन बसली. ज्या त्साओ त्साओ आणि लिऊ बेइसाठी लोकांनी गेम घेतला होता, ते तोवर कधीच वारलेले. लोकांनी ती फारशी उचलली नाही. मग १८२ चं पीत पगडीवाल्यांचं बंड आलं, १९४ आलं, दक्षिणेतल्या नानमान टोळ्या आल्या आणि मार्च २०२१ मध्ये २०० साल आलं.

या यादीत २०८ नाही. २०८ म्हणजे लाल कड्यांची लढाई, संपूर्ण कथेतली सर्वांत गाजलेली घटना. २२० सालही नाही. हान सम्राटाला बाजूला सारून वेइचं राज्य त्या साली जाहीर झालं, पुढे शू आणि वू उभी राहिली, आणि तीन राज्यांचा काळ म्हणतात तो तिथून सुरू झाला. खेळत खेळत तीन सम्राटांपर्यंत पोचता येतं, पण ज्या काळाचं नाव गेमच्या डब्यावर आहे त्या काळात सुरुवात करायची सोय शेवटपर्यंत झाली नाही. आधीची प्रत्येक डीएलसी लोकांनी घेतली ती या टप्प्याकडे निघालोय या भरवशावर. तो भरवसा कुणी लेखी दिला नव्हता, हे खरं. पण दर काही महिन्यांनी कालरेषेवरचा एकेक टप्पा विकत गेलात, तर ती रेषा कुठे निघाली आहे हे गिऱ्हाईक मनाशी धरणारच.

स्ट्रॅटेजी गेम विक्रीच्या दिवशी पूर्ण नसतो

मला यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो, आणि बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही तोही हाच.

गोळीबाराचा किंवा धावाधावीचा गेम असेल तर तो नीट चालतो की नाही हे तासाभरात कळतं. स्ट्रॅटेजी गेमचं तसं नाही. तिथं तुमच्यासमोर संगणक चालवतो ती डझनावारी राज्यं असतात आणि त्या सगळ्यांना एकच नियमावली लागू असते. कराचा एक नियम बदलला की सैन्याचा खर्च बदलतो, त्यानं शेजाऱ्याची भीती बदलते, त्यानं तह मोडतो. एखादी चूक शंभराव्या पाळीनंतर दिसते, आणि तीही तुम्ही अमुक देश घेऊन अमुक दिशेला वाढलात तरच. स्टुडिओत चाचणी करणारे कितीही असले तरी पहिल्या आठवड्यात लाखो खेळाडू जेवढ्या वाटा चालून पाहतात तेवढ्या त्यांना चालणं शक्य नसतं. त्यामुळे विक्रीनंतरचे पॅच हे इथं उपकार म्हणून दिलेले नसतात. बनवण्याच्या कामाचा तो उरलेला भाग असतो.

मराठी खेळाडूंना जवळचं उदाहरण 'एम्पायर: टोटल वॉर'चं आहे. मार्च २००९ मध्ये आलेला हा गेम. यात मराठा राज्य घेऊन खेळता यायचं. सुरुवात १७०० सालची, मुघलांशी युद्ध चालू असतानाची. इतिहासात त्याच साली राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. जगभर खपणाऱ्या मोठ्या गेममध्ये मराठे ही खेळण्याजोगी सत्ता म्हणून येणं तेव्हा अपूर्वाईचं होतं. पण गेम बाजारात आला तेव्हा संगणकाच्या ताब्यातली राज्यं समुद्रमार्गे सैन्य उतरवतच नव्हती. आरमारी साम्राज्यांवरचा खेळ, आणि इंग्रज भारताच्या किनाऱ्यावर फौज उतरवत नाहीत. पुढच्या पॅचमध्ये ते दुरुस्त झालं. दोन खेळाडूंनी मिळून पूर्ण मोहीम खेळायची सोय मात्र चाचणीच्या पायरीवरच अडकली. फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे वर्षही भरलं नव्हतं, तोच स्टुडिओचा 'नेपोलियन: टोटल वॉर' आला आणि त्यात ती सोय होती. 'एम्पायर' पुढे खेळण्याजोगा ठेवला तो मुख्यतः मॉडनी, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये स्वतः केलेल्या बदलांनी. त्यातला 'डार्थमॉड' कित्येकांनी मूळ गेमपेक्षा जास्त खेळला असेल.

आपल्याकडे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला जातो, त्या व्यवहाराशी हे जुळतं. चार भिंती मिळतात, पण पैसे मोजलेले असतात ते नकाशात दाखवलेल्या सगळ्यासाठी. फरक इतकाच की फ्लॅटवाल्याला २०१७ पासून महारेराचं दार तरी आहे. गेमवाल्याला तसं दार नाही.

खेळाडूची गुंतवणूकही वेगळ्या जातीची असते. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस'सारखा गेम नीट कळायलाच शंभर तास जातात असं त्याचे खेळाडू सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. व्यापाराचे मार्ग, धर्म, वारसाहक्क, सैन्याची रचना हे सगळं शिकावं लागतं. शिकलेलं हे ज्ञान त्याच गेमपुरतं असतं. गेम वाढत राहिला तर त्या शिकण्याला मोल राहतं. तो थांबला की आपण जे कमावलं तेही थांबलं असं वाटतं. चिडीच्या मुळाशी पैशापेक्षा हे जास्त असतं, असं मला खेळाडूंचं बोलणं ऐकून जाणवतं.

स्टुडिओ हात का काढून घेतो

इथं थोडा हिशेब करू. समजा एका गेमच्या १० लाख प्रती गेल्या. पहिली डीएलसी त्यातल्या ३ लाखांनी घेतली, दुसरी २ लाखांनी, चौथी ८० हजारांनी. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत, पण उतार साधारण असाच असतो, कारण डीएलसीचं गिऱ्हाईक मूळ गेम घेतलेल्यांमधूनच येतं आणि त्यातले बरेच तोवर दुसरं काही खेळायला लागलेले असतात.

खर्चाची बाजू याच्या उलट चालते. पहिली डीएलसी मूळ गेमबरोबर तपासायची असते. पाचवी डीएलसी मूळ गेम आणि आधीच्या चार यांच्या प्रत्येक शक्य जोडीबरोबर तपासायची असते, कारण कुणाकडे पहिली आणि तिसरी असते, कुणाकडे फक्त चौथी. प्रत्येक नवी सुरुवातीची तारीख म्हणजे अख्खा नकाशा, सरदार, तह, सैन्य पुन्हा मांडणं. घाईत लिहिलेला जुना कोड तोवर इतका गुंतलेला असतो की एक गाठ सोडवताना दुसरी पडते. मिळकत घटत जाते, काम वाढत जातं, आणि कुठेतरी या दोन रेघा एकमेकींना छेदतात.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत दुसरा गेम माणसं मागत असतो. 'थ्री किंग्डम्स' बंद झाला तेव्हा त्याच स्टुडिओत 'टोटल वॉर: वॉरहॅमर ३' तयार होत होता. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. वॉरहॅमरमध्ये राक्षस, बुटके, उंदीरमाणसं अशा पूर्ण वेगळ्या फौजा विकता येतात आणि प्रत्येक फौजेचा स्वतःचा चाहता असतो. चिनी इतिहासात सगळ्यांच्या फौजा बऱ्याच सारख्या, मग विकायचं ते साल आणि माणूस. व्यापारी नजरेतून कुठला गेम पुढे न्यायचा हे ठरवणं अवघड नव्हतं.

म्हणून काम थांबवण्याच्या निर्णयाला मी पाप म्हणणार नाही. रिलिक या स्टुडिओनं 'डॉन ऑफ वॉर ३' एप्रिल २०१७ मध्ये आणला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पुढे मोठं काही येणार नाही हे मान्य केलं. तो चाललाच नव्हता. न चालणाऱ्या गेमवर माणसं अडकवून ठेवली तर स्टुडिओच बुडतो आणि पोटावर पाय येतो तो तिथल्या चित्रकारांच्या आणि प्रोग्रामरच्या. त्या लोकांना शिव्या घालणारे खेळाडू हे विसरतात की गेमवर सर्वांत जास्त जीव त्यांचाच असतो आणि निर्णय बहुतेक वेळा त्यांच्या हातात नसतो. कुणाला वैयक्तिक संदेश पाठवून धमकावणं तर कुठल्याच कारणानं माफ होत नाही.

मग सरळ सांगत का नाहीत

माझा राग न सांगण्यावर आहे. त्यामागची कारणं समजून घेतली तरी तो पूर्ण जात नाही.

पहिलं कारण उघड आहे. 'यापुढे काही येणार नाही' असं म्हटलं की विक्री मंदावते. सवलतीच्या सेलमध्ये मूळ गेम आणि सगळ्या डीएलसी एकत्र विकायच्या असतात, आणि नवं गिऱ्हाईक भविष्याकडे पाहूनच पाकिटाला हात घालतं. म्हणजे गप्प राहण्याचे पैसे मिळतात आणि बोलण्याचे जातात.

दुसरं कारण कमी बोललं जातं. बऱ्याचदा 'आज बंद केलं' असा एक दिवसच नसतो. आधी टीममधले चौघे दुसऱ्या गेमच्या मदतीला तात्पुरते जातात. ते परत येत नाहीत. मग मुख्य डिझायनर जातो. उरलेले दोघं-तिघं छोटे पॅच काढत राहतात आणि पुढच्या वर्षी बघू असं वरून सांगितलं जातं. आतल्या माणसालाही विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगेल की गेम बंद झालेला नाही. त्यात अनेक स्टुडिओ मोठ्या प्रकाशकाच्या मालकीचे, काही शेअर बाजारात नोंदलेले, त्यामुळे काय बोलायचं हे कायदा विभाग आणि मार्केटिंग ठरवतं.

पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीच्या 'इम्परेटर: रोम'ची गोष्ट इथं पाहण्यासारखी आहे. एप्रिल २०१९ मध्ये आलेला हा गेम सुरुवातीला खेळाडूंना रुचला नाही. आकडे साठवा आणि बटण दाबून ते उधळा, असा त्याचा गाभा होता. स्टुडिओनं तक्रार ऐकली. त्याच वर्षी ती पद्धत काढून टाकली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये 'मारियस' हा २.० चा प्रचंड पॅच आणला. सैन्याची व्यवस्था बदलली, लोकसंख्येच्या संस्कृतींना हक्क आले, गेम जवळजवळ नव्यानं लिहिला गेला. दूर गेलेले लोक परतू लागले. आणि एप्रिल संपता संपता कंपनीनं कळवलं की काम थांबवलं आहे, माणसं दुसऱ्या प्रकल्पांवर गेली आहेत. थांबवलं म्हणजे पुन्हा सुरू होणार का? कधी? या प्रश्नांवर खेळाडू कित्येक महिने तर्क करत बसले. गेम वाईट असताना टाकला असता तर लोक इतके हळहळले नसते. तो सुधारल्यावर टाकला हे लागलं.

निदान पॅराडॉक्सनं आणि क्रिएटिव्ह असेंब्लीनं काहीतरी सांगितलं तरी. त्याहून वाईट प्रकार अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होतो. अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे गेम अर्धवट असतानाच विकायचा आणि खेळाडूंच्या मदतीनं पूर्ण करायचा. स्टीमनं ही सोय २०१३ मध्ये सुरू केली. 'स्पेसबेस डीएफ-९' हा अंतराळातली वसाहत सांभाळायचा गेम त्याच वर्षी आला. पुढे काय काय येणार याची भलीमोठी यादी बरोबर होती. वर्षभरानं, त्यातलं बरंच काही झालेलं नसताना, स्टुडिओनं त्यावर १.० चा, म्हणजे गेम पूर्ण झाल्याचा, शिक्का मारला आणि काम थांबवलं. पैसे संपले होते हे त्यांनी नंतर कबूल केलं.

अलीकडचं उदाहरण 'कर्बल स्पेस प्रोग्राम २'चं. तो काही शुद्ध स्ट्रॅटेजी गेम नाही, पण दुखणं हेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, एकत्र खेळणं हे सगळं आराखड्यात होतं. २०२४ च्या मध्याला त्याच्या सिअ‍ॅटलच्या स्टुडिओतल्या नोकऱ्या गेल्या. वसाहती आल्या नाहीत. तरीही गेम दुकानात विकायला होताच, आणि घेणाऱ्याला आराखडा दिसत होता.

शांततेचा परिणाम

काहीच कळत नाही तेव्हा माणूस खुणा शोधतो. शेवटचा पॅच कधी आला, त्यात काय होतं, स्टुडिओनं नोकरीच्या जाहिराती कुठल्या गेमसाठी काढल्या, बातम्या देणारा माणूस बदलला का. पॅचमध्ये फक्त भाषांतराच्या दुरुस्त्या आणि 'स्थैर्य सुधारलं' एवढंच येऊ लागलं तर जाणकार समजून जातात.

स्टीमवर कुठला गेम या क्षणी किती जण खेळत आहेत हे कुणालाही दिसतं. त्यातून एक वाईट चक्र सुरू होतं. बातमी नाही म्हणून लोक गेम मेला असं म्हणू लागतात. ते ऐकून नवा माणूस घेत नाही, जुना सोडून जातो. आकडा खाली येतो. स्टुडिओत बसलेला माणूस तोच आकडा दाखवून सांगतो, बघा, कुणी खेळत नाही, यावर खर्च कशाला? एकमेकांविरुद्ध खेळायच्या गेममध्ये हे फार लवकर होतं, कारण तिथं समोर प्रतिस्पर्धी मिळाला नाही तर खेळच होत नाही. खेळाडूंनीही यातला आपला वाटा ओळखायला हवा. दोन महिने पॅच आला नाही म्हणून चालू असलेल्या गेमला मेलेला ठरवण्याची घाई मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्या घाईचं नुकसान त्याच खेळाडूंना भोगावं लागतं.

पैसे परत मिळतात का

स्टीमचा नियम असा: खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत. स्ट्रॅटेजी गेममध्ये दोन तासांत शिकवणीचा भागही संपत नाही. त्यामुळे हा नियम असून नसल्यासारखा.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नं ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं घेतली आहेत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर त्यात तरतुदी आहेत. पण डीएलसी येईल असं तुम्ही गृहीत धरलं होतं, यावर दावा टिकणं अवघड. ठरलेला संच आगाऊ पैसे घेऊन विकला आणि त्यातलं दिलंच नाही, तर गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानं दुकानांना हे स्पष्ट सांगायला लावलं आहे की तुम्हाला मालकी मिळत नसून फक्त वापरायचा परवाना मिळतो. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम २०२४ मध्ये सुरू झाली. युबिसॉफ्ट या कंपनीनं 'द क्रू' हा गेम सर्व्हरसकट बंद केला, ते तिचं निमित्त. तिच्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. ही मोहीम विकलेला गेम खेळण्याजोगा ठेवा म्हणते. अर्धवट सोडलेल्या गेमचं दुखणं तिच्या कक्षेत येत नाही, कारण तो चालत असतो.

म्हणून विकत घेतानाच सावध राहणं एवढंच आज हातात उरतं. आज आहे त्या स्थितीत गेम पैशाच्या मोलाचा वाटत असेल तर घ्यावा. आराखड्यातल्या रंगीत चौकोनांसाठी एक रुपयाही देऊ नये. अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या गेमवर बराच काळ अपडेट आलेलं नसेल तर २०२५ पासून स्टीम त्याच्या पानावर तसं लिहितं. तेवढी ओळ तरी वाचावी.

सोडलेल्या गेमचं पुढे काय होतं

इथून पुढचा भाग मला मनापासून आवडतो. पॅच थांबले की मॉड बनवणाऱ्यांना स्थिर जमीन मिळते. दर महिन्याला मूळ गेम बदलत असेल तर मॉड सारखे मोडतात. गेम थांबला की वर्षानुवर्षं त्यावर काम करता येतं. 'इम्परेटर'वर चाहत्यांनी 'इन्व्हिक्टस' नावाचा मॉड उभा केला आणि तो इतका वाढला की आज तो गेम घेणाऱ्याला पहिला सल्ला हाच मिळतो: आधी इन्व्हिक्टस टाक. २०२४ मध्ये, तीन वर्षांनी, पॅराडॉक्सनं 'इम्परेटर'साठी एक छोटा चाचणी पॅच काढला. त्याचा फायदा मॉड बनवणाऱ्यांनाच जास्त होता.

'सुप्रीम कमांडर: फोर्ज्ड अलायन्स' हा २००७ चा गेम. त्याची ऑनलाइन व्यवस्था अधिकृतपणे गेली, पण चाहत्यांनी स्वतःची उभी केली आणि तिथं आजही सामने होतात. 'एज ऑफ एम्पायर्स २'ची गोष्ट तर फारच सुंदर. १९९९ चा गेम, २००० नंतर त्यात अधिकृत भर थांबली. २०१२ मध्ये चाहत्यांच्या एका गटानं 'फरगॉटन एम्पायर्स' हा मॉड काढला. पुढच्याच वर्षी तो अधिकृत विस्तार झाला, गट स्टुडिओ झाला, आणि एप्रिल २०२२ मध्ये याच गेमला भारतावरचा 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' मिळाला. मूळ गेमच्या वेळी जी मुलं शाळेत होती ती आता आपल्या मुलांबरोबर गुर्जर आणि द्राविड फौजा चालवतात.

नीट निरोप देणारे स्टुडिओही आहेत. ब्लिझर्डनं ऑक्टोबर २०२० मध्ये 'स्टारक्राफ्ट २'बद्दल सांगितलं की विकत घ्यायचं नवं काही येणार नाही, पण स्पर्धांचे हंगाम आणि समतोलाचे बदल चालू राहतील. वाईट वाटलं, पण काय अपेक्षा ठेवायची हे कळलं आणि स्पर्धा चालू राहिल्या. ईए या कंपनीनं 'कमांड अँड कॉन्कर' मालिकेतल्या काही गेमचा कोड २०२० मध्ये आणि आणखी काहींचा २०२५ मध्ये खुल्या परवान्याखाली दिला, 'जनरल्स'सकट. ज्या चुका कंपनीनं दुरुस्त केल्या नव्हत्या त्या आता कुणीही प्रोग्रामर दुरुस्त करू शकतो, आणि करत आहेतही.

स्टुडिओंकडून एवढंच मागणं रास्त आहे, असं मला वाटतं. थांबायचं ठरलं की महिनाभरात सांगा आणि ते विक्रीच्या पानावर लिहा. शेवटच्या पॅचमध्ये नवं काही न देता माहीत असलेल्या चुका दुरुस्त करा. मॉडची साधनं खुली करून जा. जमलं तर कोड द्या. यातल्या पहिल्या मागणीला एका परिच्छेदापलीकडे खर्च नाही, आणि नेमकी तीच सर्वांत कमी वेळा पूर्ण होते.